यंत्राचा नकार

संगणकाच्या परिभाषेतील काही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात इतके रुळले आहेत की, त्यांचा नेमका अर्थ विचारण्याची गरज आता कोणास वाटत नाही. ‘फॉरमॅट करणे’ हा त्यांपैकीच एक. पेन ड्राइव्ह चालेनासा झाला, फॉरमॅट करा. जुनी डिस्क नव्या कामासाठी घ्यावयाची आहे, फॉरमॅट करा. असा सल्ला शेजारीपाजारी सहज दिला जातो. तो नेहमीच चुकीचा असतो असे नव्हे. परंतु ज्या डिस्कवर एखाद्या कुटुंबाची वीस वर्षांची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्यांचे ध्वनिमुद्रण आणि घराच्या कागदपत्रांच्या प्रती साठविलेल्या असतात, तिच्या बाबतीत हा शब्द म्हणजे जुनी नोंदवही रद्द करून कोरी उघडण्याचा हुकूम असतो. गंमत अशी की, पुष्कळदा यंत्र हा हुकूम मानीतच नाही. लिनक्स प्रणालीवर तर असा नकार वारंवार मिळतो, आणि वापरणारा त्रासून जातो. या नकारांचे अर्थ कोणते, आणि त्यांपुढे आपण काय करावे, याचा येथे थोडा विचार करू.

प्रथम डिस्कची रचना समजून घेतली पाहिजे. त्या कामी जयपूर शहराचा दृष्टान्त फार सोयीचा आहे. सवाई जयसिंहाने १७२७ साली हे नगर वसविले, तेव्हा घरे आधी उठली आणि रस्ते मागाहून निघाले, असे झाले नाही. विद्याधर भट्टाचार्य यांच्या आखणीप्रमाणे नऊ चौकोनांची कल्पना धरून जमिनीवर आधी रेघा पडल्या, आणि मग त्या चौकोनांत हवेल्या, देवळे व बाजार उभे राहिले. जुन्या तटबंदीबाहेर पुढे वसलेल्या जवाहरनगरातही जमिनीची विभागणी आकड्यांनीच झाली. तेथे घराचा पत्ता सांगताना सेक्टरचा क्रमांक सांगावा लागतो. योगायोगाने डिस्कवरील जागेच्या सर्वांत लहान मापाचे नावही सेक्टर हेच आहे. जवाहरनगरच्या एका सेक्टरात पुष्कळ कुटुंबे राहतात. डिस्कच्या एका सेक्टरात मात्र रूढ मापाप्रमाणे ५१२ बाइटच मावतात. अलीकडच्या अनेक डिस्कमध्ये हे माप ४,०९६ बाइटांचे झाले आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात, हे ध्यानी घेतले तर ५१२ बाइटांच्या सेक्टरात पोस्टकार्डावरील काही ओळींहून अधिक मजकूर बसत नाही, हे उघड आहे.

अशा कोट्यवधी सेक्टरांच्या माळरानावर प्रथम हद्दी घालाव्या लागतात. हद्दीने वेगळ्या केलेल्या भागास पार्टिशन म्हणतात, आणि हद्दींची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात केलेली असते. ‘एमबीआर’ या जुन्या पद्धतीत हा तक्ता पहिल्याच सेक्टरात अवघ्या ६४ बाइटांत बसविलेला असे. त्यामुळे त्यात चारच मुख्य विभाग नोंदविता येत. शिवाय ५१२ बाइटांच्या हिशेबाने सुमारे २.२ टेराबाइटांच्या पलीकडील जमीन त्याला मोजताच येत नसे. ‘जीपीटी’ या नव्या पद्धतीत साधारणपणे १२८ विभागांची सोय असते, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस जपून ठेवलेली असते. हद्दी ठरल्या म्हणजे प्रत्येक विभागाच्या आत एक नोंदवही उघडली जाते. कोणती फाइल कोठे आहे, तिचा मालक कोण, रिकामी जागा कोणती, हे सर्व तीत लिहिलेले असते. या व्यवस्थेस फाइल सिस्टिम असे म्हणतात. लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा ही नोंदवही ‘मिनिक्स’ प्रणालीकडून उसनी घेतलेली होती, आणि तिची मर्यादा ६४ मेगाबाइटांची होती. रेमी कार यांनी १९९२ साली ‘एक्स्ट’ ही लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टिम रचली. तिचीच चौथी पिढी, ‘एक्स्ट-फोर’, २००८ पासून प्रचारात आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सातबारा कळतो, राजस्थानातील शेतकऱ्यास जमाबंदी कळते. त्याच भाषेत सांगावयाचे तर पार्टिशनचा तक्ता हा गावाचा नकाशा आहे, आणि फाइल सिस्टिम हे तलाठ्याचे दप्तर आहे. नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट करताना जमीन नांगरली जात नाही. जुने दप्तर रद्द होऊन कोरे मांडले जाते. पीक काही काळ उभे असते, परंतु कोणाचे कोठे हे सांगणारा कागद उरत नाही. आणि नवी पेरणी सुरू झाली की ते पीकही जाते.

आता अशी कल्पना करा की, पुण्याहून नोकरीनिमित्त जयपुरास गेलेले एक मराठी कुटुंब जवाहरनगरात राहत आहे. घरातील संगणकावर लिनक्स आहे. ते उबुंटू असेल, डेबियन असेल, किंवा सी-डॅक या भारतीय संस्थेने २००७ साली प्रसृत केलेले ‘बॉस’ असेल. संगणकास दोन बाह्य डिस्क जोडलेल्या आहेत. एकीवर घरच्या आठवणी आहेत. दुसरी जुनी असून ती कोरी करावयाची आहे. घरातील मुलगा आज्ञा देतो, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते: हे काम करता येत नाही. येथून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट त्या ओळीचा अर्थ लावण्याची. दुसरी आज्ञेला जबरदस्तीचे चिन्ह जोडून ती पुन्हा देण्याची. दुसरी वाट जवळची वाटते, म्हणूनच ती धोक्याची आहे.

कोणताही नकार वाचण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हाती असावे लागते: आपण बोलत आहोत ती डिस्क नेमकी कोणती? लिनक्समध्ये डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ अशी नावे मिळतात, आणि त्यांच्या विभागांना त्या नावापुढे १, २, ३ असे आकडे लागतात. ही नावे डिस्कवर कोरलेली नसतात. यंत्र सुरू होताना डिस्क ज्या क्रमाने आढळल्या, त्या क्रमाने ती वाटली जातात. काल जी ‘एसडीबी’ होती, ती आज केबल बदलल्यावर ‘एसडीसी’ होऊ शकते. म्हणून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन सर्व डिस्कची यादी पाहावी, आणि नावापेक्षा आकारमान, मॉडेल व अनुक्रमांक यांवर भरवसा ठेवावा. ज्या डिस्कला हात लावावयाचा नाही, ती सरळ काढून बाजूस ठेवणे हा तर सर्वांत स्वस्त विमा आहे. ‘एसडीबी’ म्हणजे संपूर्ण डिस्क आणि ‘एसडीबी-वन’ म्हणजे तिचा पहिला विभाग, हा भेदही लक्षात असावा. एका आकड्याच्या अभावी एका खोलीऐवजी साऱ्या घराची आखणी मोडते.

ओळख पटविण्यात चूक झाली, तर जाणत्यांचीही काय गत होते, याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरील माहिती पुसत आहोत अशा समजुतीने मुख्य यंत्रावरच आज्ञा दिली. चूक ध्यानी येऊन त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी फार थोडा भाग शिल्लक राहिला होता. प्रतींच्या ज्या व्यवस्था चालू आहेत असे सर्वजण समजत होते, त्यांपैकी ऐन वेळी कामास आली ती सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत. कंपनीने ही हकीकत स्वतः जगापुढे मांडली, हे तिला भूषणावह आहे.

डिस्कची ओळख पटली, तरीही यंत्र नकार देते. पहिला आणि सर्वांत साधा नकार असा: हा विभाग जोडलेला आहे, म्हणून येथे नवी फाइल सिस्टिम करणार नाही. आजकाल डिस्क खोचताच लिनक्स ती आपण होऊन वापरासाठी जोडते, आणि जोडलेल्या विभागाचे दप्तर उघडे असते. उघड्या दप्तरावर दुसरे दप्तर मांडले तर दोहोंचाही नाश होतो. येथे उपाय सोपा आहे: ‘यूमाउंट’ या आज्ञेने विभाग सोडवावा. या आज्ञेच्या स्पेलिंगमध्ये यू नंतर अपेक्षित असलेला एन नाही, एवढे नवख्याने ध्यानात ठेवावे. विभाग सुटत नसेल, तर कोणी तरी तेथे बसलेले आहे असे समजावे. एखादा चित्रपट चालू असेल, किंवा आपल्याच टर्मिनलची खिडकी त्या फोल्डरात उभी असेल. ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ या आज्ञा त्या बसणाऱ्याचे नाव सांगतात.

जोडणी दिसत नसताही ‘हा विभाग वापरात आहे’ असे उत्तर आले, तर विभाग स्वॅप म्हणून, म्हणजे स्मृतीची पुरवणी म्हणून, कामास लावलेला असू शकतो. तेथे ‘स्वॅपऑफ’ ही आज्ञा हवी. किंवा तो अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या एलव्हीएम अथवा रेड या व्यवस्थेचा घटक असतो. अशा वेळी ‘एलएसबीएलके’च्या यादीत त्या विभागाखाली फांद्या फुटलेल्या दिसतात, आणि फांद्या सोडविल्यावाचून बुंध्याला हात लावता येत नाही. ज्या विभागावरून खुद्द लिनक्स चालू आहे, तो तर त्याच बैठकीत कधीच फॉरमॅट होणार नाही. ज्या फांदीवर बसलो तीच तोडण्याचा तो प्रकार होय. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करावे लागते. एक्स्ट-फोर बनविणाऱ्या आज्ञेच्या माहितीपुस्तिकेत सांगितले आहे की, वापरात असलेल्या विभागावर जबरदस्ती करावयाची असल्यास जबरदस्तीचे चिन्ह दोनदा लिहावे लागते, आणि हे कृत्य खरोखरच धोकादायक आहे. एकदा लिहून काम होऊ नये अशी योजना मुद्दामच केलेली आहे.

दुसरा नकार प्रश्नाच्या रूपाने येतो. या विभागावर पूर्वीची एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम आहे, ती अमुक दिवशी अमुक ठिकाणी शेवटची जोडली होती, तरीही पुढे जावे काय? पुष्कळ जण हा प्रश्न न वाचताच होकार देतात. वास्तविक या एका ओळीत आपल्या साऱ्या शंकांचे उत्तर असते. जी डिस्क तीन वर्षे कपाटात होती असे आपण समजतो, ती कालच जोडलेली होती असे यंत्र सांगत असेल, तर आपण निराळ्याच डिस्कपाशी उभे आहोत हे उघड आहे. प्रश्नापुढे नुसते एंटर दाबले तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा धरला जातो, हेही योजकांचे शहाणपणच. डिस्क तीच आहे अशी खात्री असेल आणि जुन्या व्यवस्थेच्या खुणा अडथळा करीत असतील, तर ‘वाइपएफएस’ ही आज्ञा प्रथम त्या खुणांची केवळ यादी दाखविते, आणि वेगळे सांगितल्यासच त्या पुसते.

हद्दी नुकत्याच बदलल्या असतील, तर आणखी एक घोटाळा संभवतो. तक्ता नवा झालेला असतो, परंतु चालू असलेल्या लिनक्सच्या मनात जुनाच नकाशा असतो. त्यामुळे नवा विभाग त्याला सापडत नाही. ‘पार्टप्रोब’ ही आज्ञा नकाशा पुन्हा वाचावयास लावते; तेवढ्याने न भागल्यास यंत्र बंद करून सुरू करावे. चार टेराबाइटांची डिस्क दोनच टेराबाइटांची दिसत असेल, तर तिच्यावर एमबीआर तक्ता आहे काय ते पाहावे. तसा असल्यास जीपीटी तक्ता घालावा. मात्र नवा तक्ता घालणे म्हणजे साऱ्या हद्दी मोडणे होय, हे विसरू नये.

तिसरा नकार सर्वांत गंभीर. वाचता येत नाही, लिहिता येत नाही, अशी तक्रार यंत्र करते, किंवा विभाग केवळ वाचण्यापुरता उघडतो. येथे आज्ञा पुन:पुन्हा देण्यात अर्थ नाही. प्रथम केबल बदलावी आणि डिस्क संगणकास थेट जोडावी. अपुऱ्या वीजपुरवठ्यानेही असे घडते. कॅमेऱ्याच्या मोठ्या कार्डाच्या कडेला लिहिणे रोखणारी एक खिट्टी असते, ती पाहावी. मग ‘डीमेसग’ ही आज्ञा देऊन गाभ्याची रोजनिशी वाचावी, आणि ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती तपासावी. निकामी होऊन बदललेल्या किंवा निर्णयाची वाट पाहणाऱ्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर डिस्क शेवटच्या आजारात आहे. फॉरमॅट हे त्या आजारावरचे औषध नव्हे. तिच्यावर हवे असलेले काही असेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने आधी तिची समग्र प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि पुढचे सारे प्रयोग प्रतीवर करावेत. स्वस्तात घेतलेला पेन ड्राइव्ह फॉरमॅट होऊनही फाइली बिघडवीत असेल, तर त्याची क्षमता खोटी असू शकते. ‘एफ-थ्री’ हे साधन तो संपूर्ण लिहून व परत वाचून खरेखोटे ठरविते.

याच ठिकाणी एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. विभाग जोडताना ‘सुपरब्लॉक बिघडला आहे’ असा संदेश आला की, फॉरमॅटवाचून गत्यंतर नाही असे पुष्कळांस वाटते. सुपरब्लॉक म्हणजे दप्तराचे पहिले पान. एक्स्ट-फोरमध्ये या पानाच्या प्रती विभागात ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात. चार किलोबाइटांच्या नेहमीच्या ठोकळ्यांत पहिली प्रत ३२,७६८ या क्रमांकावर असते. ‘ईटूएफएसचेक’ या दुरुस्तीच्या आज्ञेस तो क्रमांक दिला, तर ती त्या प्रतीवरून कामास लागते, आणि पुष्कळदा दप्तर सावरते. जे दुरुस्त होण्यासारखे आहे, ते अधीरपणाने कोरे करू नये.

नकार सरून काम तडीस गेले, तरी दोनतीन शंका उरतात. नव्या एक्स्ट-फोर विभागावर लिहू गेल्यास परवानगी नाही असे कळते. कारण कोऱ्या दप्तराचा मालक व्यवस्थापक, म्हणजे रूट, असतो. ‘चोन’ आज्ञेने मालकी आपल्याकडे घ्यावी. एक टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइटांची दिसते; उत्पादक हजारांच्या पटीत मोजतो आणि यंत्र १,०२४ च्या, एवढेच त्याचे रहस्य. एक्स्ट-फोर आणखी पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. तीच डिस्क विंडोजवरही वापरावयाची असेल, तर एक्सफॅट निवडावी. फॅट-३२ मध्ये चार गिगाबाइटांची फाइल मावत नाही. आणि मुख्य म्हणजे, फॉरमॅट केलेल्या विभागास नवा ओळखक्रमांक मिळतो. जुना क्रमांक ‘एफएसटॅब’ या फाइलीत राहिला असेल, तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना त्या विभागाची वाट पाहत अडून बसते. बिचाऱ्या डिस्कला दोष दिला जातो. चूक असते पत्त्याच्या वहीत.

इतके करूनही नको ती डिस्क कोरी झालीच, तर पहिले कर्तव्य एकच: थांबणे. तिच्यावर काहीही लिहू नये. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर ‘टेस्टडिस्क’ हे साधन हरवलेल्या हद्दी शोधू शकते, आणि ‘फोटोरेक’ दप्तर नसतानाही छायाचित्रांच्या अंतर्गत खुणांवरून ती वेचून काढते. मात्र फाइलींची नावे बहुधा परत येत नाहीत. सॉलिड स्टेट डिस्कची गोष्ट वेगळी. तेथे एक्स्ट-फोर बनविणारी आज्ञा साऱ्या विभागाची जागा आता नको असे आपण होऊन डिस्कला कळविते, आणि डिस्क ती जागा मोकळी करते. तेथे उभे पीक उरण्याची आशा जवळजवळ नसतेच.

म्हणून सारा भर अखेर आधीच्या तयारीवर येतो. यंत्राचा प्रत्येक नकार आपणांस थोडा वेळ मिळवून देतो. तो वेळ ओळख पटविण्यात आणि प्रत तपासण्यात खर्च करावा. प्रत काढली आहे अशी आठवण असणे पुरेसे नाही. ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडावी, पाचदहा छायाचित्रे पाहावीत, ध्वनिमुद्रण थोडे ऐकावे. आजीचा आवाज दुसऱ्या यंत्रातून स्पष्ट ऐकू आला, की मग पहिल्या डिस्कला खुशाल ‘होय’ म्हणावे.